सासूबाईंची पायपुसणी

आमच्या घरात पायपुसणी फार होती. दाराशी एक असावं, न्हाणीघराशी एक असावं, इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पण गेल्या दोनेक वर्षांत सासूबाईंनी हॉलच्या उंबऱ्याशी, खिडकीतल्या खुर्चीपुढे, देवांच्या कपाटाखाली, बेसिनशी, पलंगाच्या दोन्ही अंगांना, जिथे म्हणून माणूस थांबेल तिथे एकेक पायपुसणं टाकायला लावलं होतं. तीही काथ्याची, खरखरीत, पनवेलच्या बाजारात दोरखंडाच्या दुकानात मिळतात ती. मी एकदा मऊ, गुबगुबीत, धुवायला सोपी अशी आणली. त्यांनी एकावर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "ही नकोत. ही पायाला कळत नाहीत."

म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, असं म्हणून मी ती मऊ पायपुसणी माळ्यावर टाकली आणि रोज केर काढताना काथ्याची उचलून झटकत राहिले. उचलायची, झटकायची, पुन्हा टाकायची. एखादं जरा तिरकं पडलं तर सासूबाई पायाने सरळ करून घ्यायच्या. मला वाटायचं, मुद्दाम माझ्या कामात खोट काढतात.

मी मुळात तापट. शिवाय आयुष्यभर बँकेत कॅशच्या खिडकीत बसलेली, त्यामुळे आपल्या नजरेतून काही सुटत नाही असा मला भलताच गर्व होता. खोटी नोट हातात आली की मी मान वर न करता बाजूला काढायची. ऑफिसात माझ्या डोळ्यांचं कौतुक व्हायचं. हे आज लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सासूबाई सिनेमानटी होत्या, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. "मूळच्या कोल्हापूरकडच्या" एवढंच सांगण्यात आलं. सासऱ्यांची पनवेलला भाताची गिरण होती, माणूस मानी, आणि लग्न करतानाच त्यांनी अट घातली होती की यापुढे तोंडाला रंग नाही. सासूबाईंनी ती पाळली. त्यांचे फोटो एका ट्रंकेत गेले, ट्रंक माळ्यावर गेली, आणि गिरणवाल्यांच्या घरात सणावाराला पुरणपोळ्या लाटणाऱ्या बाईकडे पाहून कोणाला शंका यायचं कारण उरलं नाही. सासरे गेल्यावर त्या हळूहळू बोलायला लागल्या. दुपारी लसूण सोलताना, शेंगा निवडताना. मी अर्धा कान देऊन ऐकायची.

चौदाव्या वर्षी त्यांच्या मावशीने त्यांना मुंबईला एका स्टुडिओत नेलं. मावशी नाटक कंपनीत गाणारी, तिच्या ओळखी होत्या. तिथे त्यांची चाचणी घेतली. दारातून यायचं, ठरल्या जागी थांबायचं, मान वर करून हसायचं, एक वाक्य बोलायचं, बस. मग आवारात चिंचेखाली उभं केलं आणि दोघी संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या. शेवटी आतून एक माणूस आला आणि मावशीला म्हणाला, "मुलीला ठेवलं." हा शब्द सांगताना सासूबाईंचा चेहरा नव्वदीतही उजळायचा. त्या काळी नट-नट्या स्टुडिओत महिन्याच्या पगारावर असायच्या, गिरणीतल्या कामगारासारख्या. ठेवलं म्हणजे ठेवलं. जेवण तिथेच पंगतीला, तालीम तिथेच. चित्रीकरण असो नसो, सकाळी हजेरी लागायचीच. त्यांना घोड्यावर बसायला शिकवलं, तलवार धरायला शिकवलं, आणि "श" आणि "ष" नीट म्हणेपर्यंत एका शास्त्रीबुवांनी त्यांना रडवलं. पहिली दोन वर्षं त्या राणीच्या मागे चवरी ढाळत उभ्या होत्या. मग नायिकेची मैत्रीण झाल्या. पुढे एकदाच नायिका झाल्या, आणि तो सिनेमा लागून उतरतो न उतरतो तोच स्टुडिओचं दिवाळं वाजलं. मोठे नट केव्हाच बाहेर पडले होते. सेटचं लाकूड विकलं गेलं, चित्रपटांची रिळंसुद्धा आतली चांदी काढून घ्यायला वितळवली. "माझं हसणं कोणाच्या तरी पैंजणात गेलं असेल," असं त्या म्हणायच्या आणि लसणाची साल फुंकून टाकायच्या.

आणखी एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या, तीही मी अर्ध्या कानाने ऐकली. दिव्यांची. ते मोठे दिवे तोंडावर सोडले की समोरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. कॅमेरा कुठे, माणसं कुठे, सगळा काळोख. आणि खाली बघायची तर बंदी, कारण खाली बघितलेलं पडद्यावर दिसतं. मग जिथे थांबायचं तिथे जमिनीवर लाकडाची बारीक पट्टी ठोकायचे. नटीने आपलं हसत, बोलत यायचं, अंगठ्याला पट्टी लागली की थांबायचं. "सगळं पायाला कळायला हवं," त्या म्हणायच्या.

हे मी ऐकलं होतं. आणि रोज सकाळी पायपुसणी झटकत होते.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. पनवेलमध्ये आता जुनं म्हणून काही शिल्लक ठेवायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतं. आम्हाला तीन वर्षं दुसरीकडे राहायचं होतं, आणि जवळच कोन गावात एका उंच इमारतीत भाड्याची जागा पाहून ठेवली होती. एके दुपारी स्वयंपाकघरात चहा घेताना नवरा म्हणाला, "आईचं काय करायचं?" त्याने एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. स्वच्छ, झाडं वगैरे, डॉक्टर येतो. मी म्हटलं, "त्यांचं त्यांना होतंय तोवर नेऊ की आपल्याबरोबर. हाताला धरून फिरवायची वेळ आली तर मग बघू. माझे गुडघे तरी कुठे धड राहिलेत?" मला वाटलं, मी फार समंजसपणे बोलले. हॉलमध्ये सासूबाईंचा रेडिओ लागला होता. आमचं बोलणं चालू असताना त्याचा आवाज बारीक झाला होता, हे मला नंतर आठवलं.

त्या दिवसापासून सासूबाईंना जणू नवा जोम आला. देवाला स्वतः दिवा लावायच्या. कपबशी स्वतः विसळायच्या. उरणहून मासळीवाली यायची तिच्याशी दारात उभ्या राहून घासाघीस करायच्या, बोंबील बोटांनी दाबून, पापलेटचे कल्ले उचकटून बघायच्या. मासळीवाली मला म्हणायची, "आजीला कोन फसवनार बाय! तिच्या बोटालाच डोले हायत." मी हसायची. माझ्या माहेरी फोन करून सांगायची, आमच्या सासूबाई बघा, नव्वदीतही कशा ताठ. नवराही म्हणाला, चला, आश्रमाचा प्रश्न तूर्त तरी मिटला.

त्याच सुमाराला जुने सिनेमे शोधणाऱ्या मंडळींचा फोन आला. कुठल्याशा गोदामात त्यांना त्या एका सिनेमाचा तुकडा सापडला होता, जेमतेम दोन-तीन मिनिटांचा, आणि त्यातली नायिका पनवेलला हयात आहे हे त्यांनी शोधून काढलं होतं. त्यांना घरी येऊन मुलाखत घ्यायची होती. आता बघा आमची गंमत. जे घराणं पन्नास-साठ वर्षं हे लपवत होतं, ते एका दिवसात फुशारलं. माळ्यावरची ट्रंक खाली आली. नवऱ्याने आईचा तलवार घेतलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लग्नात मला ही गोष्ट सांगितली नाही म्हणून कळल्यापासून टोमणे मारणारी मी, त्या दिवशी शेजारणींना स्वतःहून सांगत सुटले. सासूबाई मात्र गप्प झाल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरातच घेणार ना? मग हरकत नाही."

मंडळी येणार त्या सकाळी मी घर चकचकीत केलं. पडदे बदलले, सोफ्याला नवे अभ्रे घातले. आणि हॉलमधली ती काथ्याची, कळकट पायपुसणी सगळीच्या सगळी गोळा करून मागच्या गॅलरीत टाकली. कॅमेऱ्यात ती दिसली असती तर लोक म्हणाले असते, नटीचं घर आहे की धर्मशाळा. सासूबाई त्या वेळी आतल्या खोलीत होत्या. मी त्यांना साडी नेसायला मदत केली, पलंगावर बसवून अंबाडा घातला, त्यांच्या चपला पलंगाखाली सरकवल्या आणि बाहेर आले. त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

दोघंजण आली होती, एक तरुण मुलगी आणि एक कॅमेरावाला. मुलगी फार गोड होती. तिने आत जाऊन सासूबाईंच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि तो तुकडा लावला. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिला. करडा, पावसासारख्या रेघा असलेला. एक मुलगी दारातून येते, चार पावलं चालते, थांबते, मान वर करते आणि अशी हसते की मला माझ्याच सासूचा हेवा वाटला. मग म्हणते, "मी आले तर चालेल ना?" सासूबाईंनी लॅपटॉपकडे तोंड करून, जरा कान कलता ठेवून सगळं ऐकलं. वाक्य आलं तेव्हा त्यांचे ओठही हलले. मुलीने विचारलं, "कसं वाटलं आजी?" त्या म्हणाल्या, "उजेड बरा पडलाय." आम्ही सगळे हसलो. सत्तरएक वर्षांनी त्यांचं तारुण्य त्यांच्या मांडीवर आलं होतं, आणि त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. हे त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

मुलीला एक कल्पना सुचली. आजींनी तशीच एंट्री घ्यावी, आतल्या खोलीच्या दारातून हॉलमध्ये, खिडकीतल्या खुर्चीपर्यंत. जुनी आणि नवी शेजारी शेजारी दाखवू. सासूबाई म्हणाल्या, "घेऊ की. रोजचीच वाट आहे." कॅमेरावाल्याने दिवे लावले. खुर्चीवर उजेड नीट पडेना म्हणून त्याने ती उचलून जरा डावीकडे ठेवली. मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले, पदर-बिदर नीट आहे ना बघायला.

सासूबाई दारात आल्या. पाठ ताठ, मान वर, चेहऱ्यावर अगदी तेच हसू. मला खरंच भरून आलं. चार पावलं आल्या आणि त्यांचा उजवा पाय अडखळल्यासारखा झाला. अंगठा जमिनीवर इकडे सरकला, तिकडे सरकला. हसू तसंच. त्या थांबल्या. आणि मी, त्यांची सून, काळोखातून ओरडले, "आई, या ना पुढे! थांबलात काय?"

त्या हुकूम मिळाल्यासारख्या पुढे आल्या. वळल्या, खुर्ची रोज असते तिथे, आणि बसल्या. तिथे खुर्ची नव्हती.

पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. आम्ही धावलो त्याच्या आधीच त्यांनी हात वर केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "काही नाही झालं. परत घेऊ." त्या हे कॅमेरावाल्याला सांगत होत्या. कॅमेरावाला तोवर दिवा सावरायला खिडकीकडे गेला होता. सासूबाई रिकाम्या कोपऱ्याकडे बघून, हसून, पुन्हा म्हणाल्या, "परत घेऊ. फक्त सूनबाई, माझी पायपुसणी टाका."

तेव्हा मला कळलं. एका क्षणात कळलं म्हणतात तसं. ती पायपुसणी, ते सरळ करणं, ते खरखरीत हवं म्हणणं, ते बोंबील दाबून बघणं. मी त्यांच्याजवळ बसून हळूच विचारलं, "आई, तुम्हाला दिसत नाही?"

"दिव्यांसमोर कधी दिसायचं?" त्या म्हणाल्या. मग माझा हात चाचपून धरला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "या लोकांसमोर नको. आधी काम होऊ दे."

मनगट सुजायला लागलं होतं. नवरा म्हणत होता दवाखान्यात चला, मुलगी रडकुंडीला आली होती, पण त्या उठेनात. शेवटी मी गॅलरीत गेले आणि ती पायपुसणी एकेक करून आणली. उंबऱ्याशी एक. खुर्ची जागेवर नेऊन तिच्यापुढे एक. पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसून मी ती मांडत होते. कळकट दिसतील म्हणून काढलेली ती पायपुसणी मांडताना मला जी लाज वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. सासूबाई पुन्हा दारातून आल्या, सुजलेला हात पदराआड, अंगठ्याला काथ्या लागला तशा थांबल्या, मान वर केली, हसल्या आणि म्हणाल्या, "मी आले तर चालेल ना?" वाक्य ठरलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून टाकलं. मुलीने टाळ्या वाजवल्या.

हाताला प्लास्टर झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, नसा केव्हाच सुकल्या होत्या, आता करण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, "हे काही एकदम होत नाही. वर्षानुवर्षं जात जातं. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" नवरा म्हणाला, "ती बोललीच नाही कधी." मी त्यांच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. मला अगदी शेवटची ओळसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येत होती.

रिक्षात मी विचारलं, "आई, सांगितलं का नाही?" स्टँडजवळ गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "हाताला धरावं लागलं तर बघू, असं म्हणाला होतात ना तुम्ही? म्हणून म्हटलं, धरायला लागू नये." रागाने नव्हे, आज भाजी काय आणू असं विचारावं तशा बोलल्या. रिक्षावाल्याशेजारी बसलेल्या नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटत होतं, रिक्षातून उतरावं आणि कुठेतरी निघून जावं. पण त्यांचा चांगला हात माझ्या हातात होता, आणि त्यांना उतरवायला मीच लागणार होते.

म्हणजे ते बोलणं होण्याच्या आधीपासूनच, दोन वर्षं ती बाई आमच्यासमोर काम करत होती. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत, कोणी पुरे म्हणायला नाही. आम्ही दोघं प्रेक्षक, आणि आमच्या हाती तिचं ठेवणं न ठेवणं. मी काही दुष्ट सून नव्हे, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, आवाज चढवला तरी अपशब्द वापरला नाही. पण आपल्या घरात आपल्याच माणसाला चाचणी देत राहावं लागावं, आणि ती आपल्याला दिसूही नये, याला काय म्हणायचं? दुष्ट असते तर निदान लक्ष तरी ठेवलं असतं.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं, पुढ्यात पायपुसणं सरकवलं. दिवेलागणीची वेळ होती. मी चहा आणला. नवरा दाराशी चपला काढत उभा होता. सासूबाईंनी कप डाव्या हातात घेतला, एक घोट घेतला आणि तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला करून विचारलं, "दुसऱ्यांदा बरं जमलं ना?"

"फार छान झालं, आई."

"मग मला ठेवताय ना?"

चौदा वर्षांची मुलगी चिंचेखाली उभी राहून जसं विचारेल, तसं. हो म्हणायला काय लागतं? माझ्या ओठांवरही होतं. पण हो म्हणायच्या आधी मी नवऱ्याकडे पाहिलं. अकराव्या मजल्यावरची ती जागा, ती लिफ्ट, माझे गुडघे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. त्यांना दिसत नाही, या भरवशावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "म्हणजे काय? हे काय विचारणं झालं?"

त्यांनी कप बशीत ठेवला, अगदी मधोमध.

"वाक्य जरा उशिरा आलं, सूनबाई," त्या म्हणाल्या.

आता आम्ही तिघं कोनला राहतो. सामान यायच्या आदल्या दिवशी मी एकटी जाऊन त्या रिकाम्या घरात पायपुसणी टाकून आले. त्यांना सगळ्या जागा एका सकाळीत पायाला कळल्या. तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला, आणि आजींची नजर अजून किती तेज आहे, असं बऱ्याच जणांनी खाली लिहिलंय. तेही मी त्यांना वाचून दाखवलं. त्या हसल्या. तेव्हापासून त्यांनी काहीही विचारलं, की मी हातातलं टाकून ताबडतोब उत्तर देते, कधी कधी त्यांचं वाक्य संपायच्या आत. पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारलेला नाही.